भिंत रंगवण्याआधी

2007 साली सात नगरपालिका आणि शंभरावर खेडी बंगळूरच्या महापालिकेत सामील झाली. महादेवपुरा त्यांतलीच एक नगरपालिका. कागदावर शहर झालं, पण शेजार अजून व्हायचाय. एकीकडे व्हाइटफिल्डचे आयटी पार्क आणि गेटवर वॉचमन असलेल्या सोसायट्या. दुसरीकडे गावठाणातली देवळं, तळी, बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. नोकरीसाठी आलेली मराठी घरंही बरीच. या सगळ्यांची गाठ पडते ती फक्त रस्त्यावर. म्हणून इथल्या भिंतींवर आणि मेट्रोच्या खांबांवर काय रंगवायचं, हा मला निव्वळ सजावटीचा प्रश्न वाटत नाही.

याच शहरात बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराने 2015 साली सुलतानपाळ्यातल्या पाण्याने भरलेल्या मोठ्या खड्ड्यात फायबरची मगर सोडली. 2019 मध्ये त्याने अंतराळवीराच्या पोशाखातला नट हेरोहळ्ळीच्या रस्त्यावर असा चालवला की तिथले खड्डे चंद्रावरची विवरं वाटावीत. व्हिडिओ देशभर फिरला आणि रस्त्याच्या दुरुस्तीला माणसं आली. जे काम अर्ज-विनंत्यांनी होत नव्हतं ते झालं, कारण रोज चुकवून जायचा खड्डा लोकांना पहिल्यांदा नीट दिसला. पण एक खड्डा बुजवणं वेगळं आणि माणसाकडे बघायची नजर बदलणं वेगळं.

त्या दुसऱ्या कामासाठी मला ‘अरवणी आर्ट प्रोजेक्ट’ फार मोलाचा वाटतो. पूर्णिमा सुकुमार यांनी तो 2016 साली बंगळूरमध्ये सुरू केला. यात पारलिंगी स्त्रिया आणि इतर स्त्रिया मिळून सार्वजनिक भिंती रंगवतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली खरी, पण निकालाने सिग्नलवरची गाडीची काच खाली होत नाही. के. आर. मार्केटजवळच्या भिंतीवर या प्रकल्पातल्या स्त्रियांनी ‘नावु इद्देवे’, म्हणजे आम्ही आहोत, असं ठळक लिहिलं. ज्यांना बघून लोक वाट बदलतात, त्या बाया भर दिवसा शिडीवर उभ्या राहून रंग लावतात. येणारा-जाणारा थांबतो, काय चाललंय म्हणून विचारतो, उत्तर ऐकतो. चित्र पुढे उन्हापावसाने उडेल. तो थांबलेला माणूस आणि ते बोलणं, हीच माझ्या मते खरी कलाकृती. 2024 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेपर्यंत त्यांचं काम पोचलं याचा आनंद आहेच, पण त्याचं बळ मार्केटच्या त्या गर्दीतलं आहे.

याउलट मुंबईत घाटकोपरची असल्फा टेकडी. मेट्रोतून दिसणारी तिथली घरं काही वर्षांपूर्वी रंगीबेरंगी झाली, लोक फोटो काढायला जाऊ लागले. हात राबले ते मनापासूनच. तरी मला प्रश्न पडतो की हे चित्र डब्यात बसलेल्यासाठी की घरात राहणाऱ्यासाठी? पाणी, संडास, पावसाळ्यातली दरडीची भीती यांना रंग पुरत नाही.

चित्र ज्यांच्यासाठी, त्यांनीच ते ठरवावं, ही गोष्ट आपल्या मराठी माणसांना नवी नसावी. सार्वजनिक गणेशोत्सवाचा देखावा वर्गणीवर उभा राहत आला. वर्गणी देणाऱ्याला मांडवात येऊन ‘यंदा हा विषय नको’ असं भांडायचा हक्क असायचा, आणि त्या भांडणातच गल्लीचं मंडळ व्हायचं. प्रायोजकांचे फलक मोठे झाले तसा तो हक्क आक्रसत गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

महादेवपुऱ्यात भिंत रंगवायची असेल तर आधी बैठक हवी. तीही सोसायटीच्या क्लबहाउसात नको, तळ्याच्या काठी हवी, कामावरून सुटायच्या वेळी. वर्तूरच्या तळ्यावर फेस येतो तेव्हा तो गावठाणातल्या म्हाताऱ्यालाही दिसतो आणि बाराव्या मजल्यावरच्या इंजिनीअरलाही. त्या टॉवरच्या विटा वाहिलेली रायचूर-कलबुर्गीकडची बाईही तिथेच राहते. चित्र कशाचं, हे ठरवताना पहिलं तिला विचारावं. तिने चित्राऐवजी नळ मागितला, तर आधी नळासाठी पाठपुरावा करावा.