करुणा पुरेशी आहे काय?

मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र डोळ्यांसमोर आणा. रुग्ण गाढ झोपला आहे. परिचारिका येते, त्याला हाक मारून जागे करते, नाव विचारते, हात घट्ट दाबावयास सांगते, डोळ्यांत विजेरीचा प्रकाश टाकते. थोड्या वेळाने ती पुन्हा येते. घरची माणसे कळवळून म्हणतात, "सिस्टर, झोपू द्या ना त्यांना!" सांगा, येथे खरा दयाळू कोण?

कवटीच्या आत रक्तस्राव झाला अथवा सूज वाढली, तर वाढती गुंगी ही पुष्कळदा त्याची पहिली खूण असते. आणि पाहणाऱ्यास ती शांत झोपेसारखीच भासते. हा भेद ओळखता यावा म्हणून १९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांवरून शुद्धी पारखण्याची पद्धत मांडली. पूर्ण शुद्धीस १५ गुण, सर्वांत खोल बेशुद्धीस ३. गुण घसरले किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांना बोलवावे लागते. ज्या परिचारिकेला हे ठाऊक नाही, ती प्रेमाने पांघरूण नीट करून निघून जाईल.

अमानत तिच्या हक्कदारास पोहोचविण्याची आज्ञा कुरआनने दिली आहे (अन्-निसा : ५८). बेशुद्ध माणसाचा प्राण याहून मोठी अमानत कोणती? वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा हानीस जबाबदार ठरतो, असा आशय अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीसमध्ये येतो. म्हणजे केवळ सद्हेतू पुरेसा नाही. खंदकच्या युद्धात जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना हजरत रुफैदा (रजि.) यांच्याकडे सोपविण्यात आले, ते त्या जखमींवर उपचार करणाऱ्या होत्या म्हणून.

मात्र सारा भार परिचारिकेवर टाकणे न्यायाचे नाही. तिला शिकविले नाही, एकटीवर अनेक रुग्ण सोपविले, तर विचारणा सोपविणाऱ्यांचीही होईल.

आणि आपली? मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गिळण्याची शक्ती मंदावलेली असू शकते. अशा वेळी मुलाने श्रद्धेने पाजलेले जमजमचे घोटही फुप्फुसात जाऊ शकतात. परिचारिकेने हात अडविला, तर रागावू नका; प्रथम तिला विचारा. आपली कन्या परिचर्या शिकू इच्छित असेल, तर तिचा अभ्यास हीही इबादत होऊ शकते, हे तिला सांगा.

अल्लाह आपल्या करुणेला ज्ञानाची जोड देवो. आमीन.