आत्मपरीक्षण कोणासमोर?



इष्टलिंग तळहातावर घेऊन आपण पूजेस बसतो तेव्हा दृष्टी लिंगावर असते, पण मन शेतात, बाजारात, कोर्टकचेरीत हिंडत असते. महात्मा बसवेश्वरांनी या मनाला फांदीवरून फांदीवर उडी मारणाऱ्या वानराची उपमा दिली. ती शेजाऱ्याच्या मनाला दिलेली नाही, स्वतःच्याच मनाला दिली आहे. जगाचे दोष सांगण्याआधी शरणांनी आपल्या अंतःकरणाचा झाडा घेतला, हे वचने वाचणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

आजचा तरुणही आपला झाडा घेतोच आहे. त्याच्या तळहातावर मोबाईल असतो एवढेच. रात्री घर निजले की इंटरनेटवर एखादी प्रश्नावली उघडावयाची. आपली माणसे सोडून जातील अशी धास्ती वाटते का? राग आवरत नाही का? आतून रिकामे वाटते का? दहा-वीस प्रश्नांना हो किंवा नाही म्हटले की शेवटी एक आकडा येतो आणि त्याखाली व्यक्तिमत्त्व विकाराचे एक नाव. मठात येणारी एक पदवीधर मुलगी सांगत होती, "अप्पाजी, माझा स्वभाव हाच माझा रोग आहे असे निघाले. आता कुणाच्या घरात सून म्हणून कशी जाऊ?" तिला कोणा डॉक्टराने तपासलेले नव्हते. एका आकड्यावर तिने आपल्या आयुष्याचा निकाल लावून टाकला होता.

तेव्हा हा आकडा काय आहे, ते आधी पाहू. बॉर्डरलाइन नावाच्या विकारासाठी २००३ साली प्रसिद्ध झालेली, मॅक्लीन या नावाने ओळखली जाणारी एक प्रश्नावली आहे. प्रश्न १०, आणि ७ होकार आले तर पुढे नीट तपासणी करावी, असा तिचा संकेत. म्हणजे ती चाळण आहे. चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा खडा नसतो. समजा, १०० माणसांत ३ जणांना खरोखर विकार आहे आणि चाळण निरोगी १०० माणसांमागे १५ जणांना चुकून अडवते. मग उरलेल्या ९७ पैकी १४-१५ जण विकार नसताना अडकतील. अडकलेल्यांत खरे रुग्ण थोडे आणि घाबरलेले निरोगी फार, असा हा हिशेब आहे.

विकार ठरतो तो वेगळ्या कसोटीवर. परीक्षेच्या महिन्यात, बाळंतपणानंतर, घरात मृत्यू झाल्यावर माणूस चिडतो, रडतो, तुटक वागतो. तेवढ्याने व्यक्तिमत्त्व विकार होत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात जुनी वेगवेगळी नावे बहुतेक बाजूला ठेवून आधी एवढेच विचारले आहे : स्वतःकडे पाहण्यात आणि माणसांशी नाते राखण्यात किती बिघाड आहे, तो दोन वर्षे किंवा अधिक काळ टिकला आहे का, आणि घरी, कामावर, मित्रांत असा सगळीकडे दिसतो का? याचे उत्तर मोबाईल कसे देणार? त्याने आपल्याला कामावर पाहिलेले नाही, घरी तर नाहीच.

आणखी एक गोष्ट. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून स्वभाववर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि तो बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता! शरणांनी तिथी-मुहूर्ताचे जोखड आठशे वर्षांपूर्वी झुगारले. ते राशिभविष्य नवे नाव घेऊन मोबाईलच्या वाटेने आपल्या घरात परत येऊ नये. (सासूला, नवऱ्याला, साहेबाला न विचारता त्यांच्या वतीने प्रश्नावली भरून 'तो नार्सिसिस्टच' असा शिक्का मारणारेही आहेत. त्याला आत्मपरीक्षण म्हणता येत नाही. ती निंदाच आहे.)

मात्र प्रश्नावली वाईट, असे मी म्हणत नाही. वर्षानुवर्षे आतल्या आत जळणाऱ्या माणसाला आपल्या दुःखासाठी पहिल्यांदा शब्द सापडतात, हा लाभ लहान नाही. प्रश्न एवढाच की त्यानंतर तो कोणाकडे जातो?

वचनाची रचना पाहा. दोष कितीही कठोर शब्दांत सांगितलेला असो, वचनाच्या शेवटी नाममुद्रा येते. बसवण्णांचे कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींचे चेन्नमल्लिकार्जुन, प्रभुदेवांचे गुहेश्वर. म्हणजे तो दोष कोणाला तरी सांगितलेला आहे. पलीकडे ऐकणारा आहे. कल्याणच्या अनुभवमंटपात तर शरण समोरासमोर बसत. अक्का तेथे आल्या तेव्हा प्रभुदेवांनी त्यांना कठीण प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली, पुन्हा विचारले. तीही परीक्षाच होती, पण विचारणारा उत्तरागणिक प्रश्न बदलत होता आणि शेवटी अक्कांना त्या सभेत आदराचे स्थान मिळाले. चाचणीच्या शेवटी नुसता आकडा असतो. त्याला 'पण' म्हणून विचारता येत नाही, आणि तो रात्री दोन वाजता रडणाऱ्या मुलीजवळ बसत नाही.

'स्वभावाला औषध नाही' ही आपली म्हणही येथे आड येते. या विकारांवर उपचार आहेत. बॉर्डरलाइनसाठी उपचारपद्धती उभी करणाऱ्या मार्शा लिनेहान या अमेरिकन विदुषीने २०११ साली जाहीरपणे सांगितले की तरुणपणी त्या स्वतः अशाच यातनांतून गेल्या होत्या. त्यांच्या पद्धतीत डॉक्टरशी बोलणे आहे आणि समूहात बसून भावना आवरण्याचा अभ्यासही आहे. असा अभ्यास महिनोन्‌महिने करावा लागतो. लिंगपूजकाला ही गोष्ट नवी वाटू नये.

कोणी म्हणेल, नित्य पूजा असता डॉक्टर कशाला? अनुभवमंटपाच्या काळी वैद्य संगण्णा नावाचे शरण होते आणि वैद्यकी हेच त्यांचे कायक होते. शरणांनी वैद्याला बाहेर ठेवले नाही, आपणही ठेवू नये. गुरू धीर देईल, निदान करणार नाही.

ज्यांच्या मनात असा आकडा सलत असेल त्यांनी धारवाड, बेंगळुरू किंवा गोव्यात बांबोळी येथील सरकारी मानसोपचार संस्थेत अथवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात जावे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट न पाहता घरातल्या कोणाला तरी उठवावे. आईवडिलांनी 'हे फॅड आहे' म्हणू नये, सोबत जावे. आणि जाताना कागदावर आकडा लिहून नेऊ नये; प्रसंग लिहून न्यावेत : केव्हा भांडण झाले, आधी काय घडले, नंतर किती दिवस बोलणे बंद होते, झोप किती लागली, लहानपणापासून असेच आहे की अलीकडचे.