घेणाऱ्याचा मान

तालुक्याच्या लहान महाविद्यालयात शिष्यवृत्तीचा विषय निघाला की बोलणे रकमेवर आणि कागदपत्रांवर येते. मुळात हा प्रश्न नीतीचा आहे: दुसऱ्याच्या पैशावर शिकणारा कुणाचा मिंधा होतो का? आपल्या परंपरेने दानाचा विचार केला तो बहुतेक देणाऱ्याच्या बाजूने. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितले आहे. परतफेडीची अपेक्षा नको, देश, काळ आणि पात्र पाहून द्यावे. विचार उंच आहे, पण घेणाऱ्याच्या मनाचे काय होते हे त्यात येत नाही. ते कळायला वार लावून जेवणारे विद्यार्थी आठवावेत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी पान मांडले जाई. यजमान कितीही भला असो, आज आपण कुणाच्या उपकाराखाली आहोत हे त्या मुलाला घासागणिक ठाऊक असे. शिवाय ही सोय प्रामुख्याने ब्राह्मण मुलांपुरती होती.

भाऊराव पाटलांनी वेगळी वाट काढली. सांगलीजवळच्या दूधगावात १९१० च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, ते मुष्टिफंडाच्या आधारावर. घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते गोळा करायचे. मुठी एकदा पोत्यात मिसळल्या की कुणाची ज्वारी कुणाच्या ताटात गेली हे सांगता येत नाही. देणारा कुणी एक उरत नाही, त्यामुळे वाकायचे कुणापुढे हा प्रश्नच राहत नाही. मूल ऋणी होते ते सगळ्या गावाचे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग सुरू झाले. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. हे दानच होते, पण ते घरच्या माणसाने घरच्यांसाठी करावे तसे.

बोर्डिंगातली मुले स्वतः श्रम करून शिकत, आणि या पद्धतीवर रास्त आक्षेप आहे. कमवा आणि शिका म्हणजे गरिबाच्या पोराने खोरे धरायचे आणि पैसेवाल्याच्या पोराने पुस्तक, असेच ना? बोर्डिंगात तसे नव्हते, कारण तिथे श्रम ही सगळ्यांचीच रीत होती. आज मात्र अनेक ठिकाणी या योजनेत फक्त गरजू मुले झाडांना पाणी घालताना दिसतात, म्हणजे श्रम गरिबीची खूण ठरतो. दोष श्रमाचा नाही, तो वाटून न घेण्याचा आहे. दुसरा आक्षेप असा की मदत हक्काची झाली तर कृतज्ञता संपेल. पण मर्जीवर टिकलेल्या मदतीचे काय होते ते १९४८ साली दिसले. सरकारची नाराजी झाली आणि संस्थेचे अनुदान थांबले. गाडगेबाबांनी मध्यस्थी केली तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. शब्द टाकायला गाडगेबाबा प्रत्येक मुलामागे नसतात. उलट बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन रयतमध्येच परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांना ही परतफेड कुणी अटीत लिहून दिली नव्हती.

आजचे पोते म्हणजे सरकारी तिजोरी. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करणारी जत किंवा पाटणची मुलगी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडते, बँक खाते आधारशी जोडून घेते आणि हप्त्याची वाट पाहते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे. गरज तपासायलाच हवी, नाहीतर खऱ्या गरजूच्या वाट्याचे दुसराच नेईल. पण तपासणी कागदाची व्हावी, माणसाची नव्हे. लाभार्थ्यांची नावे फलकावर झळकवणे, धनादेश देताना मुलांना रांगेत उभे करून फोटो काढणे, फी अडली म्हणून वर्गात सगळ्यांदेखत नाव पुकारणे, यातून वार लावण्याची लाचारीच परत येते. कार्यालयाने त्या मुलीला खिडकीशी शांतपणे सांगावे की अर्जात काय राहिले आहे, हप्ता उशिरा आला तरी परीक्षेचा अर्ज अडवू नये, आणि देणगीदाराच्या नावाची पाटी लावायचीच असेल तर ती इमारतीवर लावावी.