बोट कोणाचे, घर कोणाचे?

दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा आपल्या वस्तीच्या गावांतून एक नवी सोय आता घरोघर शिरत आहे. भिंतीवरचे बॉयलरचे बटण काढून तेथे नवे बटण बसवायचे, ते घरच्या वायफायला जोडायचे, मोबाईलमध्ये त्याचे ॲप घ्यायचे, की झाले. मग मुलगा हैफात असो वा मुंबईत, आईच्या घरातला दूद, एअरकंडिशनर आणि दिवे त्याच्या बोटावर चालतात. बॉयलर पुष्कळ वीज ओढतो, म्हणून बटण बसविण्याचे काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनचेच. परंतु तो निघून गेल्यावर जो प्रश्न उरतो, तो विजेचा नसून नीतीचा आहे.

मोबाईलवरून दिलेला हुकूम बहुधा आधी कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो आणि तेथून घरात येतो. म्हणजे ज्याच्याजवळ पासवर्ड, त्याच्याजवळ घराची किल्ली. ही किल्ली कोणाच्या हाती असावी आणि त्याने ती केव्हा फिरवावी?

प्रथम शब्बाथचा विचार करू. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. घाण्याला बैल असतो, आणि तोराने शब्बाथची विश्रांती धन्याबरोबर चाकराला व गुराढोरांनाही दिली आहे. आता मिश्नातील शब्बाथ प्रकरणाचा पहिला अध्याय पहा. तेथेही तेलाचीच गोष्ट आहे. हिल्लेल व शम्माय यांच्या पंथांचे अनेक बाबतींत मतभेद. परंतु दिवस मावळण्यापूर्वी जैतुनाच्या घाण्यावर तुळई ठेवली, तर पुढे तेल आपोआप गळत राहण्यास दोघांचीही हरकत नाही. आपले शब्बाथ-घड्याळ या तुळईसारखे आहे. शुक्रवारी वेळ लावली, हात काढून घेतला. बहुतेक रब्बी दिव्यांसाठी ते मान्य करतात. मोबाईल मात्र बैलाच्या पाठीवरच्या हातासारखा आहे. हुकूम त्या घटकेला, त्याच माणसाकडून सुटतो. अंतराने कृती बदलत नाही.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. मुलगा शब्बाथ पाळीत नाही, आई पाळते. शनिवारी दुपारी नेगेवचे ऊन तापले म्हणून तो आपल्या घरून तिचा एअरकंडिशनर सुरू करतो. किंवा आईने बॉयलर चालू ठेवला म्हणून तिला न विचारता बंद करतो. यात माया नाही असे कोण म्हणेल? उन्हाने म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला धोका असतो, विसराळूपणाने बिल वाढते. जीव वाचविण्यापुढे शब्बाथही मागे सरतो, हे आपले धर्मशास्त्रच सांगते. परंतु प्रत्येक शनिवार हा जिवावरचा प्रसंग नसतो. एरवी असे बोट आईला तिच्याच घरात पाहुणी करून टाकते.

आईबापांचा मान राखा, ही आज्ञा नुसती सेवा करा असे सांगत नाही. ज्याची सेवा करतो त्याचे मत विचारणे हाही मानच आहे. म्हणून आमचे म्हणणे असे: मोबाईलची किल्ली आईने आपल्या हाताने द्यावी आणि तिला वाटेल तेव्हा परत घ्यावी. भिंतीवरचे बटण तिच्या हाताला चालते राहावे. कॅमेरा बसवायचा तर तिच्या संमतीने, आणि तो कोठे पाहतो हे तिला ठाऊक असावे. शब्बाथच्या वेळा शुक्रवारी तिच्याशी बोलून लावाव्यात. त्यानिमित्ताने आठवड्यातून एकदा फोनवर आईचा आवाज तरी ऐकू येईल.

घाणा थांबविणाऱ्या आपल्या पूर्वजांचे त्या दिवशी आर्थिक नुकसान होत असेल. तरी जे करता येते ते सर्व केलेच पाहिजे असे नाही, हे त्यांना समजले होते. एवढी समज आपल्या मुलांच्या बोटांत उतरली, तर हे नवे यंत्र घरात खुशाल येवो.