सुई अडते ती जागा

आमच्या प्रकाशाला लोक येतात ते संगमासाठी. तापी आणि गोमाई इथे भेटतात, काठावर केदारेश्वर आहे. दक्षिणकाशी म्हणून आलेला यात्रेकरू स्नान करतो आणि जाताना तांब्याभर पाणी बरोबर नेतो. सबंध नदी कुणी नेत नाही. त्या तांब्यातल्या पाण्याला तापी म्हणावे की नाही, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात पडला नव्हता. तो यंदाच्या श्रावणात माझ्या पुतण्याने पाडला.

तो सुरतेस असतो, म्हणजे याच तापीच्या खालच्या अंगाला, आणि त्याचा उद्योग मोठा चमत्कारिक आहे. जुन्या तबकड्यांतून दोन-चार सेकंदांचे तुकडे उचलायचे, ते पुनःपुन्हा फिरवून त्यांवर नवे संगीत रचायचे. याला तो सॅम्पलिंग म्हणतो. आमच्याकडे आईच्या तबकड्यांची एक पेटी आहे; चावीचा ग्रामोफोन मात्र केव्हाच निकामी झाला. तेव्हा काका-पुतण्यांनी मिळून एक टर्नटेबल घ्यावे असे ठरले. कोणते घ्यावे, यावर मात्र आमचे आठ दिवस चांगलेच वाजले.

मला पट्ट्यावर चालणारे हवे होते. त्यात मोटर बाजूला असते आणि तिची थरथर रबरी पट्टा तबकडीपर्यंत पोचू देत नाही. निवांत ऐकणाऱ्याला आणखी काय पाहिजे? त्याला हवे होते ते मोटर थेट तबकडीखाली असलेले, 1972 साली निघालेल्या टेक्निक्सच्या एसएल-1200 च्या जातीचे. ते हाताने थांबवा, उलटे फिरवा, सोडताच पुन्हा वेग घेते. शिवाय आईच्या तबकड्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या. आजची बरीच यंत्रे 33 आणि 45 वरच थांबतात, आणि जुन्या तबकडीच्या रुंद खाचेला सुईही वेगळी, जाड लागते.

“गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे असते,” मी म्हणालो. “तू त्याचे लचके तोडणार.”

“काका, तबकडी हाच मुळी तुकडा नाही का?”

मला उत्तर सुचेना. पेटीत केसरबाई केरकरांची एक तबकडी आहे. अल्लादियाखाँसाहेबांची ही शिष्या. तिचा विस्तीर्ण राग तीन-साडेतीन मिनिटांच्या एका बाजूत कोंबलेला! आणि 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली, तेव्हा त्यांतल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, घातली. सोबत सुई दिली, टर्नटेबल दिले नाही. ते ज्याला सापडेल त्याने आपले करून घ्यावे. पहिले व्हॉयेजर 5 सप्टेंबरला उडाले, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. तो साडेतीन मिनिटांचा तुकडा आपल्या सर्वांच्या वतीने गेला, याचा मला अभिमानच वाटत आला आहे. मग पुतण्याच्या चार सेकंदांनीच का बोचावे?

त्याच्या बाजूची वाईट गोष्ट त्यानेच सांगितली, हे त्याच्या प्रामाणिकपणाला शोभले. 1969 च्या एका अमेरिकन तबकडीत ग्रेगरी कोलमन नावाच्या ढोलवादकाने सहा-सात सेकंद एकट्याने वाजवले. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत फिरला. कोलमन 2006 साली वारला. त्या तुकड्याचा मोबदला त्याला कधी मिळाला नाही.

कायद्याचे म्हणाल, तर आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. आईच्या पेटीला आता कुणी मालक नाही. पण कायदा सुटला की ऋणही सुटते, हे मला पटत नाही. 1955 च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने प्रकाशाच्या टेकाडावर उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती उजेडात आणली. तिथले खापर कुठल्या थरात सापडले याची नोंद असेल तर ते बोलते. नोंद गेली की नुसती खापरी उरते. मी तेवढीच अट घातली: तुकडा उचलण्याआधी बाजू पुरी ऐकायची, आणि ज्याचा गळा त्याचे नाव लिहायचे. त्याने मान्य केले. यंत्र त्याच्या पसंतीचे आले, पण 78 चे आणि जाड सुईसकट.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. केसरबाईंच्या त्या तबकडीवर एक चरा आहे. सुई तिथे अडकायची, तीच तान फिरत राहायची, आणि आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून येऊन करंगळीने सुई पुढे सरकवायची. पुतण्याला नेमकी तीच जागा हवी होती! “यात ठेका आयता आहे, काका.” मला राग आला. ती जागा केसरबाईंनी गायिलेली नाही, कुठल्या कंपनीने मुद्रित केलेली नाही. ती आमच्या घरची होती. त्यावर नाव कुणाचे लिहिणार?

त्या रात्री यंत्र ओसरीवर मांडले. अटीप्रमाणे बाजू पहिल्यापासून लावली. चरा आला, सुई अडली. तो माझ्याकडे पाहू लागला. मी उठलो नाही. ती तान बराच वेळ फिरत राहिली.