बातमीतला कर्ता

एक माणूस एक मत हे संविधानानं दिलं. पण मत ज्या बातमीवर बनतं ती कुणाच्या हातात? गिरणीतल्या रात्रपाळीत मला हाच प्रश्न छळतो.

28 एप्रिल 2014. आपल्या जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यातलं खर्डा. शाळकरी दलित पोरगा मारहाणीनंतर झाडाला लटकलेला सापडला. बातम्यांनी त्यावर शब्द चिकटवला, ‘प्रेमप्रकरण’. हा शब्द साधा नाही. तो जातीवर पडदा ओढतो. प्रकरण म्हटलं की भानगड खाजगी झाली. मग गावाला, सरकारला, मतदाराला लाज वाटायचं कारणच उरत नाही. 2017 साली साक्षीदार फितूर झाले, अहमदनगरच्या सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं. पोरगा मेला हे खरं. मारणारा मात्र निकालात कुणीच उरला नाही.

मी व्याकरण पेपर वाचूनच शिकलो. आपली बातमी कायम कर्मणी प्रयोगात. मारला गेला, जाळलं गेलं, बहिष्कार टाकला गेला. करणारा वाक्यातनं पसार. रोज हे वाचून आपणही स्वतःला कर्म समजायला लागतो. प्रेत झाल्याशिवाय ज्याचं नाव छापत नाहीत, त्यानं स्वतःला नागरिक कसं समजायचं?

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. 31 जानेवारी 1920 ला त्यांनी ‘मूकनायक’ काढलं. पैसे मोजायची तयारी असूनही ‘केसरी’नं त्याची जाहिरात नाकारली. म्हणून काही ते गप्प बसले नाहीत. आपल्याच नेवासे तालुक्यात तरवडीसारख्या खेड्यातनं मुकुंदराव पाटलांनी सत्यशोधकी ‘दीनमित्र’ वर्षानुवर्षं चालवलं. कर्ता होणं म्हणजे हेच, आपली बातमी आपल्या तोंडानं सांगणं.

आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. पण तोंड मिळालं म्हणजे काहीही बोलायची सूट मिळाली असं नाही. आपल्या बाजूची खोटी बातमी जो पुढं ढकलतो, तो आपला खरा अत्याचारही खोटा ठरवायचं हत्यार समोरच्याच्या हातात देतो. सम्यक वाचा ही फक्त विहारात म्हणायची गोष्ट नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, काही घडलं की आधी तिथं जा. विचारा. तारीख, वेळ, कारण लिहून घ्या. कुणी केलं ते पुराव्यानिशी लिहा. आणि मरणाशिवायही लिहा. वस्तीतली पोरगी नर्स झाली, एका बाईनं ग्रामसभेत सरपंचाला हिशेब विचारला, हेही लिहा. कर्तरी प्रयोगात लिहा.