सुटत्या दोरावरील अंगठा

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार मांडतो आणि मनाला वाऱ्याची उपमा देतो, तेव्हा श्रीकृष्ण ती तक्रार खोडून काढीत नाही; मन आवरणे अवघड आहे हे मोकळेपणाने मान्य करून तो अभ्यास आणि वैराग्य अशी दोन साधने सांगतो, आणि पतंजलीनेही चित्तवृत्तींच्या निरोधासाठी हीच जोडी सांगितलेली आहे. हे दोन शब्द आपल्याकडे इतक्या वेळा एका श्वासात उच्चारले जातात की त्यांच्यातली अडचण सहसा कोणाला टोचत नाही. अभ्यास म्हणजे धरून राहणे आणि वैराग्य म्हणजे सोडून देणे, असा जर त्यांचा सरळ अर्थ असेल, तर एकाच मनाने एकाच क्षणी धरावे कसे आणि सोडावे कसे? योगसूत्रांवरील व्यासभाष्यात याचे एक सुंदर उत्तर आहे. तेथे चित्ताला दोन दिशांनी वाहणारी नदी म्हटले आहे. वैराग्याने विषयांकडे जाणारा प्रवाह अडवायचा आणि अभ्यासाने विवेकाकडे जाणारा मोकळा करायचा. परंतु या उत्तराने कामाची वाटणी होते, धरणे एकीकडे आणि सोडणे दुसरीकडे राहते. ज्या वस्तूला सोडायचे तिच्यावरच हात ठेवून राहणे शक्य आहे काय, हा माझा प्रश्न मात्र तसाच शिल्लक राहिला होता.

त्याचे उत्तर मला उतारवयात, अमेरिकेच्या केंटकी राज्यात, मासे धरण्याच्या एका चरखीने दिले.

महसूल खात्यात 34 वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. फेरफाराच्या नोंदी, वारसांच्या हरकती, बांधाचे तंटे, पंचनामे आणि वसुली यांत आयुष्याचा मोठा भाग गेला, आणि तो वाया गेला असे मला कधीही वाटले नाही. निवृत्तीच्या दिवशी दफ्तर सुटले, शिक्का सुटला, दाराशी ताटकळणाऱ्या अर्जदारांची रांग सुटली. परंतु पहाटे पाच वाजता जागे होऊन, कधीच दाखल न झालेल्या अर्जांवर मनातल्या मनात हुकूम लिहिण्याची सवय काही सुटली नाही. दोन वर्षे हे चालले. खुर्चीवर आपली आसक्ती होती आणि ती आता उघडी पडली, असा मी माझ्यापुरता निवाडा करून टाकला होता, आणि त्या निवाड्याने मला फार दुःख दिले.

अशा अवस्थेत मुलीकडे, लेक्सिंग्टनला, सहा महिन्यांसाठी गेलो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांनी सारे आयुष्य तंबाखूच्या शेतीत घालवले होते, आणि मी काही वर्षे निपाणीच्या आसपासच्या तालुक्यांत काढलेली असल्यामुळे आमचे बोलणे तंबाखूवरूनच जुळले. त्यांच्याकडे बर्ली जातीची पाने उंच लाकडी कोठारांत टांगून वाऱ्यावर वाळवतात, आमच्याकडे विडीचा तंबाखू उन्हात वाळतो, एवढ्या एका फरकावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हाती काठी दिली. तिच्या पाठीवर लाल रंगाची, पितळेच्या डब्यासारखी भरीव लागणारी एक स्वीडिश चरखी बसवलेली होती. दोराच्या टोकाला गळ नव्हता. सरावासाठी बांधलेले अर्ध्या औंसाचे, म्हणजे सुमारे 14 ग्रॅमचे, गुळगुळीत वजन होते. हिरवळीवर वीसेक पावलांवर त्यांनी आपली टोपी ठेवली आणि तिच्या दिशेने फेकायला सांगितले.

ज्या चरखीला तिकडे बेटकास्टिंग रील म्हणतात तिची रचना समजल्याखेरीज पुढचे काही समजणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आपल्याकडे समुद्रकाठी हौशी लोकांच्या हाती जी चरखी आढळते तिचे रीळ स्थिर असते. फेकताना तंगूस त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी निसटतो आणि रीळ जागच्या जागी राहते. या चरखीत तसे नाही. येथे दोर सुटतो तो रीळ फिरवूनच सुटतो. वजन पुढे झेपावताच रीळ क्षणार्धात प्रचंड वेगाने फिरू लागते. मग हवेच्या विरोधाने वजनाचा वेग उतरत जातो, पण ही वार्ता रिळापर्यंत पोचत नाही. ते आपल्या पहिल्या आवेगानेच फिरत राहते, जितका दोर पुढे ओढला जातो त्याहून अधिक दोर सोडत राहते, आणि तो जादा दोर फुगून वर येतो, वेटोळ्यांत वेटोळी अडकतात, आणि उडत्या वजनाला हिसका बसून ते अर्ध्या वाटेत पडते. रिळावर जे उरते त्याला तिकडचे लोक पक्ष्याचे घरटे म्हणतात. पहिल्या संध्याकाळी माझ्या हातून अशी अकरा घरटी झाली. वाऱ्याच्या तोंडाला फेकले की गुंता हमखास, कारण वजन लवकर मंदावते. आणि अर्जुनाला मनासाठी वाऱ्याचीच उपमा सुचली होती, हे मला तेव्हा आठवल्याशिवाय राहिले नाही.

या यंत्राचा इतिहास त्या प्रांताचाच आहे. लेक्सिंग्टनपासून काही कोसांवर पॅरिस नावाचे गाव आहे. तेथील जॉर्ज स्नायडर या घड्याळे आणि चांदीकाम करणाऱ्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अशी चरखी घडवली असे मानतात, आणि नंतर केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी, तेही घड्याळजीच, तिला कीर्ती मिळवून दिली. मूठ एकदा फिरवली की रीळ चार वेळा फिरते, ही त्यांच्या चरख्यांची ख्याती होती, आणि दातेरी चाकांचे ते काम घड्याळजीच्या हातालाच साधणारे होते. माझ्या हातातली लाल चरखी ज्या स्वेंगस्ता गावच्या कारखान्यातली होती, तोही 1921 साली घड्याळांसाठीच निघालेला. पुढे तो टॅक्सीचे मीटर करू लागला आणि नंतर चरख्यांकडे वळला. हा योगायोग मला कित्येक दिवस पुरला. घड्याळातल्या कमानीत साठवलेली शक्ती एकदम सुटली तर क्षणात चाके गरगरून घड्याळ बंद पडेल. म्हणून तेथे एक लहानशी पोलादी जीभ प्रत्येक दाताला अडवते आणि सोडते, अडवते आणि सोडते, आणि आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे त्या अडवण्या-सोडण्याचाच आवाज होय. घड्याळजींनी चरखी केली, पण ती जीभ तिच्यात बसवली नाही, कारण बसवताच येत नव्हती. प्रत्येक फेक निराळी, प्रत्येक वारा निराळा. ती जागा त्यांनी मोकळी ठेवली, आणि तेथे माणसाचा अंगठा यावा लागतो.

पुढच्या काळात त्या मोकळ्या जागेची तरतूद करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. कोठे रिळाच्या बाजूला इवलेसे ठोकळे बसवतात, ते वेग वाढला की बाहेर सरकून घासू लागतात. कोठे लोहचुंबक असतात. ॲल्युमिनियमच्या रिळाला चुंबक ओढत नाही, तरीही ते त्याच्यापुढे फिरू लागताच त्यात विजेचे भोवरे उठतात आणि स्पर्शाशिवायच त्याची गती मंदावते. एक मळसूत्री बटण असते. ते असे लावायचे की रीळ मोकळे करताच वजन सावकाश खाली उतरावे आणि जमिनीला टेकताच रीळ थांबावे. नवशिक्याने हे सारे रोध घट्ट ठेवावेत आणि हात बसेल तसतसे सैल करीत जावे, असा त्या वृद्धांचा दंडक होता. यमनियम, व्रते, एकादशी, नामस्मरणाची ठरलेली माळ, यांच्याकडे आमच्या पिढीतल्या पुष्कळ सुशिक्षितांनी बाह्योपचार म्हणून पाठ फिरवली, आणि तरुण वयात मीही फिरवली होती. ती माझी चूक होती असे मी आता म्हणतो. रोध काढून पहिल्याच दिवशी फेकणारा माणूस स्वातंत्र्य मिळवीत नाही, गुंता मिळवतो. पण रोध कायम घट्ट ठेवणाऱ्याचे वजन टोपीपर्यंत कधी पोचत नाही, हेही तितकेच खरे, आणि व्रतस्थ माणसांच्या ठिकाणी कधी कधी जी कोरडी आखूडता आढळते तिचे कारण मला येथे दिसले.

नवव्या की दहाव्या दिवशी त्यांनी माझा अंगठा आपल्या हातात घेतला, स्वतःच्या अंगठ्याखाली तो रिळावर टेकवला, आणि आम्ही दोघांनी मिळून एक फेक केली. त्यांची कातडी इतकी राठ होती की प्रथम मला दाब जाणवला आणि दोर जाणवलाच नाही. मग दाब नाहीसा झाला, स्पर्श मात्र राहिला, आणि त्या स्पर्शाखालून दोर भुर्रकन जात असलेला मला प्रथमच कळला.

“धरू नका,” ते म्हणाले, “आणि उठवूही नका. तुमचे वजन थकत आले की नाही, एवढे रिळाला सांगत राहा.”

धरले तर फेक मरते, उठवला तर गुंता होतो, आणि यांच्या मध्ये जे आहे ते निम्मे धरणे नव्हे. दोर जात आहे, तो जाणार आहे, त्याने जावे हीच इच्छा आहे, आणि तरीही अंगठा त्याच्या बरोबर आहे. माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मला या जागी मिळाले असे मी मानतो. अभ्यास हा धरण्याचा नसून बरोबर राहण्याचा असतो, आणि वैराग्य हे दूर होण्याचे नसून न अडवण्याचे असते. तेव्हा दोन्ही एकाच अंगठ्यात, एकाच क्षणी, कसलाही विरोध न येता राहू शकतात. याला निग्रह म्हणता येणार नाही. निग्रहाने काय होणार, असा प्रश्न गीतेने स्वतःच तिसऱ्या अध्यायात केलेला आहे. संयम हा शब्द मात्र येथे शोभतो.

त्याच बरोबर माझ्यावर मी केलेला तो निवाडाही मला मागे घ्यावा लागला. खुर्ची थांबली होती, रीळ फिरत होते. 34 वर्षांची गती होती ती. तिला लोभ म्हणणे हा अन्याय होता, आणि दोन वर्षे मी तिला दटावून थांबवू पाहत होतो, म्हणजे फिरत्या रिळावर एकदम मूठ आवळीत होतो. वस्तू गेल्यानंतरही मनाचे फिरणे चालू राहते, यातच आपल्या शोकाचा केवढा तरी भाग सामावलेला असतो.

गुंता सोडवण्याची रीतही त्यांच्याकडूनच शिकलो. दोर ओढायचा नाही. रिळावर अंगठा दाबून मूठ दोन-तीन वेळा फिरवायची, मग दोर हलके ओढून पाहायचा, अडला की पुन्हा तेच. बहुतेक वेळा आत गाठ नसतेच, कारण दोराचे टोक कोठूनही आरपार गेलेले नसते. नुसती वेटोळी एकमेकांखाली दबलेली असतात, आणि ओढण्याच्या घाईने त्यांची गाठ बनते.

दोन महिन्यांनी ते मला एल्कहॉर्न ओढ्यावर घेऊन गेले आणि गळ पुढे केला. तेथे मी थांबलो. तो बास जातीच्या माशांसाठी प्रसिद्ध ओढा आहे. ते गृहस्थ गळाचा काटा चिमट्याने दाबून बोथट करीत, ओल्या हाताने मासा सोडवीत आणि पाण्यात परत देत. त्यांच्या वागण्यात क्रौर्याचा लेशही नव्हता. तरी ज्ञानदेवांची गुरुपरंपरा ज्या मत्स्येंद्रनाथांकडून येते, त्यांनी माशाच्या उदरात राहून शिवाचा उपदेश ऐकला अशी कथा ऐकत मी वाढलो आहे, आणि पोटासाठी नव्हे तर माझ्या शिक्षणासाठी एका जिवाच्या ओठात लोखंड रुतावे हे मला स्वीकारवेना. महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध कौशिकाला सांगतो की नांगराखालीही असंख्य जीव मरतात. ते मला मान्य आहे, मी खाल्लेली प्रत्येक भाकरी त्यात येते. अटळ हिंसा आणि टाळता येण्याजोगी हिंसा यांच्यात रेघ ओढणे एवढेच माणसाच्या अखत्यारात आहे, आणि माझी रेघ मी तेथे ओढली. त्यांची त्यांनी ओढली होती. मी तसे सांगितले, तेव्हा त्यांनी गळ पेटीत परत ठेवला आणि काही न बोलता ते गुळगुळीत वजन काढून दिले.

ते वरच्या वळणाकडे निघून गेले. सूर्य कलला होता, वारा समोरून येत होता, पलीकडच्या काठावरच्या झाडाची सावली पाण्यावर पडली होती, तिच्या कडेवर मी नेम धरला. वजन सुटले, दोर अंगठ्याखालून वाहू लागला, मध्येच वाऱ्याने वजन जड झाल्याचे अंगठ्याला कळले आणि तो आपण होऊन किंचित टेकला, मग हलका झाला, मग पुन्हा टेकला. सावलीच्या अलीकडे हातभर अंतरावर पाण्यात वर्तुळ उठले. रीळ थांबलेले होते. ते वर्तुळ काठाला येईपर्यंत मी तसाच उभा राहिलो, आणि मग मूठ फिरवून दोर भरून घेऊ लागलो.